नमुना गहाण, पॅटर्न विकत

वसुबारसेची संध्याकाळ होती. नांदेडच्या आमच्या घरापुढे अंगण म्हणावे असे आता काही उरलेले नाही. फाटक आणि पायरी यांच्यामध्ये बाजेएवढी मोकळी जागा आहे, तिलाच आम्ही अंगण म्हणतो. तेथे माझी नात पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी घालीत बसली होती. मला पाहताच म्हणाली, "आजोबा, बघा ना, या वर्षी वेगळाच पॅटर्न काढलाय!" मी कौतुक केले आणि खुर्ची ओढून बसलो. इतक्यात शेजारचे वकीलसाहेब आले. त्यांची शेती लोह्याकडे. टेकता टेकताच म्हणाले, "गुरुजी, पावसाचा पॅटर्नच बदलला बघा. ऐन सोयाबीन काढायच्या वक्ताला धो धो पडतोय. आता पिकाचा पॅटर्न बदलल्याबिगर शेतकऱ्याचं काही खरं नाही." आत सूनबाई आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांचा आवाज आला, "अगं, परीक्षेचा पॅटर्न पुन्हा बदलला म्हणे!" तेवढ्यात केस पिवळे रंगवलेला एक तरुण फटफटीचा कर्कश आवाज काढीत समोरून गेला. वकीलसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे एक येगळंच पॅटर्न हाय!"

अर्ध्या तासात हा शब्द मी पाच वेळा ऐकला, आणि पाचही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. रांगोळीत तो नक्षी होता, पावसात तो रीत होता, शेतात पद्धत होता, परीक्षेत आराखडा होता, आणि फटफटीवर बसून गेला तेव्हा तो चक्क एक वल्ली होता. वाचकहो, मी बत्तीस वर्षे मराठी शिकवली. अनेकार्थी शब्दांच्या याद्या मुलांकडून घोकून घेतल्या. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सारा, 'कर' म्हणजे किरण! पण जो शब्द आमच्या मुलखात सर्वांत अधिक अर्थ अंगावर वागवतो, तो त्या यादीत कधी घातला नाही, कारण तो इंग्रजी. त्या शब्दाचा हिशेब आज मांडायचा आहे. त्यात माझीही थोडी बाकी निघते. ती शेवटी सांगेन, लपवणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी भाषाशुद्धीचा झेंडा घेऊन उभा नाही. परका शब्द घरात आला की गोमूत्र शिंपडावे, अशा मताचा मी नाही. शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला आणि दरबारातल्या शेकडो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. विसाव्या शतकात सावरकरांनी 'दिनांक', 'महापौर' असे शब्द दिले, ते रुजलेही. परंतु भाषा काही एखाद्याच्या आज्ञेने चालत नाही. आम्ही मराठवाड्याची माणसे तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आमच्या वडिलांच्या पिढीने गणित उर्दूतून केले आणि ओव्या मराठीतून ऐकल्या. आमच्या बोलीतून 'वक्त', 'जल्दी', 'हौद', 'दस्ती' काढून टाकले तर आम्हांला एकमेकांशी भांडताही येणार नाही.

आता 'पॅटर्न'ला मराठीत सर्वांच्या ओळखीचा शब्द कोणता? 'नमुना.' हा शब्द फारसी आहे, तोही बाहेरूनच आला! आणि गंमत पाहा, त्यानेही तोच प्रवास केला. कापडाचा नमुना, धान्याचा नमुना, अर्जाचा नमुना, नमुनेदार वागणूक, आणि शेवटी "काय नमुना आहे हो तुमचा भाऊ!" येथपर्यंत तो पोचला. म्हणजे शेतापासून वल्लीपर्यंतची जी वाट 'पॅटर्न' आज चालतो आहे, ती 'नमुन्या'ने केव्हाच तुडवून ठेवली आहे. महसूल खात्यात तर तो तलाठ्याच्या दप्तरात जाऊन बसला. गाव नमुना एक ते एकवीस अशी ती सारी मांडणी. त्यातला सातवा नमुना जमीन कोणाची ते सांगतो, बारावा त्यात काय पेरले ते सांगतो. दोन्ही मिळून आपला सातबारा. शेतकऱ्याच्या घरात देवाच्या पोथीइतकाच जपून ठेवलेला हा कागद म्हणजे खरे पाहता एक 'पॅटर्न'च आहे! हे लक्षात ठेवा. याची गरज पुढे पडणार आहे.

एका शब्दाला पुष्कळ अर्थ असणे हे काही पाप नव्हे. उलट तो शब्द राबता आहे याची ती खूण आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १९२८ साली पुरा झाला, तेव्हा त्यातली सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची होती. अलीकडे तो कोश नव्याने तपासताना 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. मोठमोठे जडजंबाल शब्द बिचारे एकेका अर्थावर उपाशीपोटी बसलेले असतात, आणि हे दीडदमडीचे शब्द शेकडो अर्थ जेवून ढेकर देतात. आपल्याकडचे 'लागणे' घ्या. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, नजर लागते, आंबा गोड लागतो आणि मुलगी नात्याने भाची लागते. म्हणून माझे भांडण अर्थांच्या गर्दीशी नाही. गर्दीत पाकीट मारले जाते, त्याच्याशी आहे.

'पॅटर्न' हा शब्द आमच्याकडे मोठा झाला तो लातुरात. 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द ऐकले नाहीत असा पालक महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. त्याची मूळ कथा मात्र आजच्या पालकांना सहसा ठाऊक नसते. लातुरात १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे प्राचार्य. गृहस्थ इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, त्याचे ते पहिले कुलगुरू. लातूर पॅटर्नचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेल्या अनिरुद्ध जाधव यांचेही नाव त्या जडणघडणीत आदराने येते.

या मंडळींनी केले तरी काय? जादू काही केली नाही. वर्गाच्या वेळेबाहेर जादा शिकवले. अभ्यासक्रम वेळेआधी पुरा केला. एकामागून एक सराव परीक्षा घेतल्या, उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातात दिल्या, आणि चूक कोठे झाली ते त्याला बसवून सांगितले. जुने प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून घेतले. शिक्षक वेळेवर आले आणि वेळेनंतरही थांबले. बस्स, एवढेच! यात नवे काय, असे कोणी विचारील. नवे हे, की ते खरोखर केले. आणि ते कोणासाठी केले? ज्या मुलखात शाळा थोड्या, वीज थोडी, पाणी थोडे, आणि बारावीची गुणवत्ता यादी लागली की पुण्या-मुंबईचीच नावे वाचायची असा प्रघात, त्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी. पाहता पाहता त्या यादीत लातूरची नावे येऊ लागली. त्या दिवसांत आम्हां मास्तर लोकांची छाती कशी फुगली होती, ते मी सांगून पटायचे नाही. त्या वेळी 'पॅटर्न' या शब्दाला एकच अर्थ होता: मेहनतीची शिस्त.

नांदेडनेही या शब्दात आपली भर घातली आणि ती भर मोठी मौजेची आहे. २०१० च्या सुमारास डॉ. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी दहावी-बारावीच्या परीक्षांतली कॉपी बंद करण्याचे अभियान हाती घेतले आणि ते तडीस नेले. केंद्राच्या खिडकीला लोंबकळणारे मामा, काका आणि मित्र खाली उतरले. निकाल पहिल्या झटक्याला घसरला, पण पोरे अभ्यासाला बसली. याला राज्यभर 'नांदेड पॅटर्न' म्हटले गेले. आता कोश उघडून पाहा. 'पॅटर्न' म्हणजे काय? ज्याच्यावरून नक्कल करायची ती वस्तू! आणि आमच्या नांदेडात पॅटर्न म्हणजे नक्कल बंद! शब्दाला त्याच्या मूळ अर्थाच्या बरोबर उलटे उभे करण्याचा हा पराक्रम आमच्या जिल्ह्याने केला, याचा मला अभिमानच आहे.

येथवर सारे ठीक होते. पुढे काय झाले ते पाहण्यासाठी नांदेडहून लातूरला एस. टी. ने जावे. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आहे. खिडकीशी बसावे आणि फलक वाचीत जावे. पूर्वी या वाटेवर बियाण्यांच्या आणि बिडीच्या जाहिराती असत. आता मुलांचे चेहरे आहेत. पासपोर्टच्या फोटोतले ते गंभीर चेहरे हारीने लावलेले, प्रत्येकाखाली गुण, आणि सर्वांच्या डोक्यावर छत्र धरल्यासारखा तो शब्द: पॅटर्न. कोणाचा 'ओरिजिनल' पॅटर्न, कोणाचा 'सुपर' पॅटर्न, कोणाचा 'लातूर पॅटर्न आता आपल्या गावात'. लातुरात ट्यूशन एरिया म्हणूनच ओळखला जाणारा एक भाग आहे. तेथे सकाळी सहाला पाहिले तर पाठीवर दप्तर घेतलेली हजारो पोरे रस्त्याने चाललेली असतात. त्यांच्या जिवावर वसतिगृहे आहेत, खाणावळी आहेत, खोल्या आहेत, झेरॉक्सची दुकाने आहेत. खाणावळीच्या पाटीवरही मी 'घरगुती पॅटर्न' असे वाचले आहे. वरणालाही पॅटर्न!

आता माझा मुद्दा. जो शब्द एका शिस्तीचे नाव होता, तो आधी एका शहराचे नाव झाला, मग एका धंद्याचे, मग फीचे, आणि आता नुसत्या आशेचे नाव झाला आहे. यातला कोणता अर्थ आपण विकत घेतो आहोत, हे बापाला कळत नाही, आणि विकणारा सांगत नाही. त्याची सोय यातच आहे. "आम्ही मुलाला रोज तपासून देऊ" असे म्हटले, तर न तपासल्यास जाब विचारता येतो. "वर्गात साठांहून अधिक मुले घेणार नाही" असे म्हटले, तर एकसष्टावे मूल मोजता येते. पण "आमच्याकडे पॅटर्न आहे" असे म्हटले, तर काय मोजणार आणि कोणाला धरणार? मुलगा पास झाला तर पॅटर्नमुळे, आणि नापास झाला तर तो पॅटर्नमध्ये बसला नाही म्हणून! छापा पडला तरी दुकानदार जिंकतो आणि काटा पडला तरी मुलगा हरतो, असा हा खेळ. सर्व अर्थ असलेल्या शब्दाची हमी कोणत्याच अर्थाची नसते.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही शब्दाचा कीस काढता. पण याच पॅटर्नने गोरगरिबांची पोरे डॉक्टर झाली, ते विसरता काय? नाही, विसरत नाही. माझ्या हाताखालून गेलेली, आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाणारी एक मुलगी आज सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. माझ्या बायकोचा रक्तदाब तिनेच पहिल्यांदा पकडला. लातुरात दोन वर्षे राहून ती शिकली. तिला जे मिळाले ते खरे होते. तिच्या वह्या मी पाहिल्या आहेत, लाल शाईने भरलेल्या. पण म्हणूनच तर माझा जीव तुटतो. खरे नाणे चलनात असते, तेव्हाच खोटे नाणे खपते. ज्यांनी खपून, तपासून, उशिरापर्यंत थांबून हा शब्द मिळवला, त्यांच्याही पदरात आज तेच माप पडते, जे नुसती पाटी रंगवणाऱ्याच्या पदरात पडते. २०२४ साली नीट परीक्षेच्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा बाहेरच्या लोकांनी लगेच कुत्सितपणे म्हटले, "हाच का तुमचा पॅटर्न?" त्या दिवशी इमानदारीने शिकवणाऱ्या शेकडो शिक्षकांनी खाली मान घातली असेल. शब्दाची राखण न केल्याचा हा दंड आहे.

दुसरा कोणी म्हणेल, परीक्षाच तशी आहे, तर लोकांनी काय करावे? हेही खरे, पण परीक्षा तरी एका जागी कोठे उभी राहते? २०२१ पासून चार वर्षे नीटमध्ये २०० प्रश्न देऊन त्यांतले १८० सोडवायला सांगत. २०२५ साली पुन्हा १८० प्रश्न आले आणि ते सगळेच सोडवायचे. याला वर्तमानपत्रांनी 'बदललेला पॅटर्न' म्हटले. म्हणजे ज्या पॅटर्नवर मूल बेतायचे, तो पॅटर्नच दर काही वर्षांनी कात टाकतो. मूल मात्र सोळा वर्षांचे एकदाच असते.

'बेतणे' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्याकडे वजिराबादेत एक म्हातारे शिंपी होते. कापड टेबलावर पसरून, खडूने रेघा ओढून, कागदाचा फर्मा ठेवून ते कापायचे. त्याला ते 'बेतणे' म्हणत. लहानपणी मी तासन् तास पाहत उभा राहायचो. ते सांगत, "फर्मा सगळ्यांचा येकच राहतो पोरा, पण माप ज्याचं त्याचं घ्यावं लागतं. माप न घेता फर्म्यावर कापलं तर कापड वाया जातं." इंग्रजीत त्या फर्म्याला 'पॅटर्न'च म्हणतात. आणि मराठीत 'बेतणे' याचा दुसरा अर्थ कोणता, ते वाचकांना सांगायला नको. आपण म्हणतो, "जिवावर बेतलं." सणाच्या दिवसांत अधिक बोलत नाही. ज्यांनी वर्तमानपत्रे वाचली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळले असेल.

आता माझी बाकी.

२०१४ सालची गोष्ट. मी तेव्हा कंधार तालुक्यात एका खेड्यातल्या शाळेत होतो. दहावीचा निकाल लागला. आमच्या शाळेतला एक मुलगा चांगल्या गुणांनी पास झाला. दोन दिवसांनी त्याचा बाप माझ्या दारात आला. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. खाली बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, सगळे म्हणतेत पोराला लातूरला घाला. पॅटर्न हाय म्हणतेत. तुम्ही शिकलेले हाव, म्हणून इचारतो. पॅटर्न म्हंजी काय असतंय वो?"

किती सरळ प्रश्न! मराठीच्या मास्तराला एका शब्दाचा अर्थ विचारला होता. मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "पॅटर्न म्हणजे पॅटर्न. तिथं गेलेलं पोरगं डॉक्टर होऊनच बाहेर पडतं." बाप हसला, टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. मला तेव्हा वाटले, चांगला सल्ला दिला.

त्याच्या नावे साडेतीन एकर कोरडवाहू जमीन होती. दोन एकरांवर त्याने कर्ज काढले. गाव नमुना सातच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढला. म्हणजे काय झाले, ते एका वाक्यात सांगतो: बापाने नमुना गहाण ठेवला आणि पॅटर्न विकत घेतला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. पण एक चार पिढ्यांनी कमावलेला होता आणि दुसरा एका शिकवणीच्या पावतीवर छापलेला.

मुलगा २०१६ ला बारावी झाला. त्या वर्षी राज्याची सीईटी की देशाची नीट, याचाच घोळ मे महिन्यापर्यंत चालला होता. त्याचा नंबर लागला नाही. पुढे दोन वर्षे तो पुन्हा बसला. ज्या वर्गात तो बसे, तो इतका मोठा होता की मागच्या बाकावरून फळा दिसत नसे, पडद्यावर पाहावे लागे. उत्तरपत्रिका यंत्र तपासी. चूक कोठे झाली ते सांगायला कोणी नव्हते. लाल शाई त्याच्या वाट्याला आलीच नाही. ज्या पॅटर्नचे नाव घेऊन मी त्याला धाडले होते, तो तेथे नव्हता. नुसता शब्द होता. २०१८ च्या पावसाळ्यात पोरगा गावी परत आला आणि तीन महिने घराबाहेर पडला नाही.

आज तो लोह्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेल्या मोटारीची तार उलगडून नवी भरतो. चार तालुक्यांतून गिऱ्हाईक येते. हात असा, की मोटारीच्या आवाजावरून दुखणे सांगतो. आणि हे मला आधी ठाऊक नव्हते असे म्हणू नका! आठवीत असताना शाळेचा बंद पडलेला ध्वनिक्षेपक त्याने एका दुपारात चालू करून दिला होता. मी पाठ थोपटली होती आणि म्हणालो होतो, "शाबास, आता अभ्यासाला लाग." माप माझ्या डोळ्यांसमोर होते. मी फर्मा काढून दिला.

त्याच्या वडिलांच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरायला पुढे सहा वर्षे लागली, आणि तो मोटारींच्या पैशांवरच उतरला. मध्यंतरी बाजारच्या दिवशी बाप भेटला. रागबिग काही नाही. चहा त्यानेच पाजला. उठताना मात्र हसून म्हणाला, "गुरुजी, तवा म्या इचारलो होतो, तुम्ही काही सांगिटला नाव बगा. पॅटर्न म्हंजी काय ते!"

घरी येऊन मी कोश काढला. निवृत्त मास्तराने चार वर्षे उशिरा का होईना, गृहपाठ केला म्हणा! आणि काय सापडले ते ऐका. 'पॅटर्न' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ रूप 'पेट्रन'. आपल्या मासिकांच्या मुखपृष्ठामागे ज्या आश्रयदात्यांची नावे छापतात, तो पेट्रन. दोन्ही एकच शब्द होते. काही शतकांपूर्वी उच्चार फिरला आणि दोन झाले. त्याच्याही मागे गेले की लॅटिनमधला 'पातेर' लागतो. पातेर म्हणजे बाप! आणि हा पातेर कोण? आपल्या संस्कृतातल्या 'पितृ'चा सख्खा भाऊबंद. सर्वपित्रीला ज्यांच्या नावाने आपण पान वाढतो, त्यांच्याच घराण्यातला हा शब्द. ज्याच्याकडे पाहून लेकराने वागावे तो बाप, म्हणून तो कित्ता, म्हणून तो नमुना, म्हणून तो पॅटर्न.

मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसलो. जो माणूस शेंगांची पिशवी घेऊन माझ्या दारात बसला होता, ज्याने आपला सातबारा गहाण टाकला आणि चूकभूल पोटात घालून मलाच चहा पाजला, तोच तर त्या शब्दाचा पहिला अर्थ होता! तो मला विचारीत होता, पॅटर्न म्हणजे काय. मी म्हणायला हवे होते, "पाटीलबाबा, पॅटर्न तुमच्या घरातच आहे. पोराला लातूरला जरूर धाडा. पण आधी त्याचे माप घ्या. आणि जेथे धाडाल तेथे जाऊन विचारा, की वर्गात पोरे किती, वही कोण तपासणार, चूक कोण समजावणार, आणि नाही जमले तर पोराने काय करायचे." एवढे चार प्रश्न. त्यांना इंग्रजी लागत नाही.

म्हणून वाचकहो, या दिवाळीला माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी दहावी-अकरावीचे मूल असेल आणि फराळाच्या ताटाभोवती कोणी म्हणाले, "अहो, तिकडचा पॅटर्न फार चांगला आहे," तर चकलीचा तुकडा तोंडात धरून नुसती मान डोलवू नका. विचारा: कोणता पॅटर्न? शिस्तीचा, फीचा, पाटीचा की कापडाचा? उत्तर मराठीत द्यायला सांगा. ज्याला मराठीत सांगता येते, त्याच्याकडे खरोखर काही आहे. त्याच्या हाती मूल खुशाल द्या. आणि ज्याला 'पॅटर्न म्हणजे पॅटर्न' याहून अधिक सांगता येत नाही, त्याला नमस्कार करून फाटकापर्यंत पोचवा. मीही एके काळी त्याच्यातलाच होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

हे सारे मी त्या संध्याकाळी वकीलसाहेबांना ऐकवले. ते चहा संपवून केव्हा उठून गेले, ते मला कळले नाही. नात मात्र रांगोळी घालता घालता ऐकत होती. शेवटी तिने मान वर केली.

"आजोबा, मग मी पॅटर्न म्हणायचंच नाही का? त्याला मराठीत काय म्हणू?"

मी म्हणालो, "बाळ, रांगोळीला नक्षी म्हण. शेतातल्याला पद्धत म्हण. पण मुलांच्या बाबतीत आपल्याकडे एक फार जुना, फार चांगला शब्द आहे. 'वळण.' अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लावतात, आणि रस्त्यालाही वळण असतं. म्हणजे वाट चुकली तर वळताही येतं."

तिने क्षणभर विचार केला. मग रांगोळीची चिमूट तशीच धरून म्हणाली, "वळण म्हणजे टर्न ना? मग ते पॅटर्नमध्ये आहेच की! पॅ आणि टर्न!"

व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने हे साफ चूक आहे. बत्तीस वर्षांच्या सवयीने मी लाल शाईची लेखणी खिशात चाचपलीही. पण वाचकहो, सणाचा दिवस होता. मी तिला दहापैकी दहा दिले.